दारातून परत गेलेली गिऱ्हाइकं

लोकांकडे टक लावून बघायचे मला पैसे मिळत. लग्नाआधी हे सासऱ्यांना जसंच्या तसं सांगितलं असतं, तर एडवणची सोयरीक झालीच नसती. म्हणून तेव्हा मी 'बाजारपेठ सर्वेक्षण' असा भारदस्त शब्द वापरला. सासऱ्यांना वाटलं, जावई तलाठ्याच्या हाताखाली जमिनी मोजतो. हा समज त्यांनी शेवटपर्यंत जपला आणि मीही थोरामोठ्यांना दुखावलं नाही.

धंदा तसा साधा आहे. आपला माल का खपतो हे कंपनीला स्वतःच्या हुशारीमुळे कळलेलं असतं. का खपत नाही, हे मात्र कळत नाही. मग ती आमच्यासारख्यांना बोलावते. आम्ही दुकानाच्या दाराशी उभे राहून माणसं मोजतो. बाहेर पडणाऱ्याला आडवं जाऊन प्रश्न विचारतो. आणि कधी कधी खोटं गिऱ्हाईक बनून आत जातो. टेबल पुसलेलं होतं का, काउंटरवरची मुलगी हसली का, संडासात साबण होता का, हे बघून बाहेर येऊन लिहून काढतो. साबण, पंखे, डासांच्या अगरबत्त्या, गुडघ्याचं तेल, सगळ्यांच्या दारात मी उभा राहिलो आहे. नोकरी मुंबईला, घर पालघरला. निवृत्तीनंतर गच्चीत खुर्ची टाकून कोणाकडेही न बघता बसायचं ठरवलं होतं. ते फार दिवस जमलं नाही. ऋचामॅडमचा फोन आला.

ऋचामॅडम म्हणजे आमच्या संस्थेच्या आताच्या प्रमुख. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण मी त्यांना मॅडम म्हणतो आणि त्या मला काका म्हणतात. त्यामुळे कोण कोणाला रागावणार हे दरवेळी नव्याने ठरतं. "काका, तुमच्या दारातलंच काम आहे," त्या म्हणाल्या. "बोईसर. कॉफीची साखळी. तिथली शाखा चालत नाही असं क्लायंटला वाटतंय. ठेवायची की बंद करायची, ते आपल्या मोजणीवर ठरेल."

साखळीचं नाव सांगत नाही, करार आहे. तुम्ही तिथे गेला असालच. गार हवा, मऊ खुर्च्या, आणि पेल्यावर तुमचं नाव चुकीचं लिहून देतात ती.

पहिल्या भेटीला मी खोटं गिऱ्हाईक होतो. त्यात कॉफी किती गरम आहे हेही मोजायचं असतं. त्यासाठी संस्थेकडून स्वयंपाकघरातला एक खास तापमापक येतो. तो आला नव्हता. मी घरातून निघताना औषधांच्या डब्यातला, काखेत धरायचा तो, आकडे दाखवणारा घेतला. तापमान ते तापमान, असा माझा शास्त्रीय दृष्टिकोन. कोपऱ्यातलं टेबल धरलं, कॅपुचिनो मागवली, इकडेतिकडे बघून ती कांडी हळूच फेसात बुडवली आणि वर्तमानपत्र आडवं धरलं. एवढ्या तापाची त्या बिचाऱ्या यंत्राला सवय नव्हती. ते जे किंचाळायला लागलं, ते थांबेना. सगळं दुकान वळून बघायला लागलं. मी कांडी खिशात कोंबली, तर ती खिशात ओरडायला लागली.

काउंटरमागून एक मुलगी आली. काळा एप्रन, केस घट्ट बांधलेले, चेहरा अगदी गंभीर.

"काका, काय झालंय तिला?"

"कुणाला?"

"कॉफीला. ताप हाय का?"

ही दर्शना, शाखेची मॅनेजर. जवळच्याच समुद्रकाठच्या नवापूरची. आई बोईसरच्या बाजारात मासळी घेऊन बसते. घरात होडी आणि टोपली सोडून दुसरं काम धरणारी ही पहिली. दुकान उघडलं तेव्हा पेले विसळायला लागली होती. आता हाताखाली सहा जण होते. गिऱ्हाइकांशी ती छापील मराठी बोलायची, हिंदी बोलायची, गरज पडली तर 'एंजॉय युअर कॉफी' म्हणायची. माझ्याशी मात्र पहिल्या दिवसापासून घरचं बोलली, कारण त्या कांडीवरून मी मोजणीवाला आहे हे तिला तेव्हाच कळलं होतं.

"मोजायला आलात ना? मग शुक्रवारी या. शुक्रवारची गर्दी बघा आमची."

मी हसलो. आमच्या धंद्यातला एक पक्का नियम आहे. दुकानवाला ज्या दिवशी 'या' म्हणेल, त्या दिवशी जायचं नाही. त्या दिवशी त्याचे मेहुणे आणि साडू गिऱ्हाईक बनून बसलेले असतात. एका पंख्याच्या दुकानात मी एकाच माणसाला तीनदा पंखा विकत घेताना पाहिलं आहे. तिसऱ्या खेपेला त्याने टोपी घातली होती. त्यामुळे दर्शनाचं आमंत्रण ऐकून मी मनातल्या मनात शुक्रवारवर काट मारली.

सोंग उघडं पडलं, हे मी ऋचामॅडमना फोन करून सांगितलं. तापमापकाचं ऐकून त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही बाहेरच उभे राहा. आत दुसरं कोणीतरी पाठवते."

मग मी बाहेर उभा राहिलो. संस्थेची पद्धत देशभर एकच आहे: मधला एक दिवस, म्हणजे बुधवार, आणि आठवड्याची अखेर, म्हणजे शनिवार-रविवार. खिशात मुठीत मावेल असं एक मोजयंत्र असतं. माणूस आत गेला की अंगठ्याने दाबायचं, टिक. समोरच्या चहाच्या टपरीच्या सावलीत मी दिवसभर टिकटिक करत उभा. टपरीवाल्याला वाटलं मी शेजारच्या एटीएमवर डोळा ठेवून आहे. एटीएमच्या रखवालदाराला वाटलं मी टपरीवर डोळा ठेवून आहे. दोघांनी मिळून मला एकदा खुर्ची आणून दिली, म्हणजे निदान एका जागी बसेल.

मोजण्यासारखं फार नव्हतं. कॉलनीतलं एक निवृत्त जोडपं एक कॉफी आणि दोन पेले घेऊन बसायचं. कॉलेजची पोरं पंख्याखाली बसावं तशी फुकट गारव्यात बसायची. शनिवारी रस्ता रिकामा नसायचा, पण आत वळणारे कमी. औद्योगिक वसाहतीतले कारखाने सुरू, बसगाड्या कामगारांनी भरलेल्या, सगळे कामाच्या घाईत. रविवारीही तेच. मी त्याकडे बघत होतो आणि लिहीत होतो: 'आठवड्याच्या अखेरीसही प्रतिसाद अल्प.'

बाहेर पडणाऱ्यांना प्रश्न विचारायचे, तेही केलं. रविवारी संध्याकाळी एक तरुण एकटाच बाहेर आला. इस्त्रीचा शर्ट, नवे बूट. मी आडवा गेलो. "एक मिनिट. आज इथे येण्यामागचा आपला मुख्य उद्देश काय? कॉफी, खाणं, मित्रांची भेट, काम, की इतर?"

त्याने माझ्याकडे बघितलं. "नकार घ्यायला आलो होतो."

"अं?"

"मुलगी बघायला. ती आत्ता नाही म्हणाली." मग माझीच कीव आल्यासारखा म्हणाला, "इतर लिहा, काका."

असं मला कळलं की बोईसरमध्ये आता मुलगी घरी बघत नाहीत, इथे बघतात. घरी बघितली की गल्लीला कळतं, आणि जमलं नाही की गल्ली विसरत नाही. इथे दोन्ही बाजू गिऱ्हाईक. कोणी यजमान नाही, कोणी पाहुणा नाही. आधी सगळे पाणी पितात. मग एकेक कॉफी. पसंती झाली तर केक, नाही झाली तर बिल. तोवर टेबल अडलेलं. मी त्यांना अहवालात 'टेबल अडवून बसणारे, खर्च कमी' या रकान्यात टाकलं. अहवाल गुळगुळीत झाला होता. त्याचा अर्थ एवढाच निघत होता की बंद करा. तो मी पाठवला आणि गच्चीतली खुर्ची पुसून घेतली.

त्याच आठवड्यात आमच्या सौभाग्यवतींनी, सुनंदाने, सांगितलं, "अहो, शुक्रवारी मोकळे आहात ना? प्रणालीला दाखवायचंय." प्रणाली म्हणजे तिच्या भावाची मुलगी, एडवणची, पालघरला बँकेत कामाला. मुलगा चिंचणीचा, बोईसरला औषधाच्या कारखान्यात.

"कुठे?"

"कुठे म्हणजे? त्या कॉफीवाल्याकडे."

"शुक्रवारी का? रविवारी ठेवा की."

सुनंदाने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती माझ्या सासऱ्यांकडूनच आली आहे. "अहो, कारखान्याची सुट्टी शुक्रवारी असते. मुलगा रविवारी कामावर. एवढी वर्षं पालघरला राहता, हेही माहीत नाही?"

माहीत होतं हो. वसाहतीला शुक्रवारची सुट्टी, विजेचा भार वाटून घ्यायला कधीकाळी ठरलेली, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मलाही होतं. पण माझ्या डोक्यातला आठवडा मुंबईचा होता. त्यात शनिवार-रविवारच्या जागी दुसरं काही असू शकतं, हे माझ्या अंगठ्याला कोणी सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी आम्ही पोचलो, तर दारापर्यंत माणसं. मुलाकडच्यांनी आधी येऊन टेबल धरलं होतं म्हणून बसायला तरी मिळालं. बाकी सगळीकडे ताटकळलेली कुटुंबं, आंघोळ करून तेल लावून आलेले कामगार, बायकामुलांना घेऊन आलेले फोरमन. आणि काउंटरमागे दर्शना आणि आणखी एक मुलगी, दोघीच. यंत्र घुरघुरतंय, ऑर्डरी साचतायत. दर्शनाने मला बघितलं.

"आज कशे आलात, काका? आज तर तुमचा मोजायचा दिवस नाय ना?"

मी आमच्या टेबलाकडे वळलो. दाराच्या बाजूची खुर्ची धरली. तेवढ्यात चार-पाच कामगार आत डोकावले. त्यातला एक म्हणाला, "आज नंबर नहीं लगेगा यार. चलो, चाय पीते हैं." आणि गेले. त्यांच्यामागून एक जोडपं आलं, बघितलं, परत गेलं. मग आणखी एक कुटुंब.

हे मी कधीच मोजलं नव्हतं. कंपनीच्या संगणकात जे विकलं जातं तेच दिसतं. जो माणूस दारातून परत जातो त्याचं बिल फाटत नाही. शुक्रवारची विक्री संगणकात गुरुवारपेक्षा जराशी बरी दिसत होती, कारण दोन मुली जेवढं करू शकत होत्या तेवढंच तिथे उमटत होतं.

मोजयंत्र कोटाच्या खिशात होतंच. अंगठा आपोआप गेला. टिक. टिक टिक.

समोर मुलाचे काका बसले होते, टिळा लावलेले, सज्जन गृहस्थ. त्यांनी कान टवकारले. "काय वाजतंय?"

सुनंदाने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

"तुमचं नामस्मरण चालू हाय का?" काकांनी आदराने विचारलं. "आमच्या हिच्याकडे पण हाय तसं यंत्र. बोटात घालायचं."

"हो," मी म्हणालो. "चालूच असतं."

"वा! पाव्हण्यांनी असं चारचौघांत बसून पण नाम सोडलं नाय, हे फार झालं. बघ रे, शिक!" हे मुलाला. मुलगा मान खाली घालून शिकला. "आणि आज किती झालं?"

नेमका तेव्हा दारातून एक मोठं कुटुंब परत फिरलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "अजून सहा गेले."

काकांनी हात जोडले. "कोण गेले?"

"ह्यांचे गुरुबंधू," सुनंदा म्हणाली. एवढ्या वर्षांच्या संसारात ती माझ्यासाठी इतकं सफाईने खोटं कधी बोलली नव्हती.

माझ्या भक्तीमुळे मुलाकडून तिथल्या तिथे पसंती आली, केकही आला. प्रणालीने मात्र घरी गेल्यावर नाही म्हणून सांगितलं. तुला काय घ्यायचंय हे न विचारता त्याने तिच्यासाठी कॉफी मागवली होती, एवढंच तिचं म्हणणं. मला ते पुरेसं वाटलं.

सगळे निघाले तरी मी मागे थांबलो. गर्दी ओसरल्यावर दर्शना कपडा घेऊन टेबलं पुसत होती.

"दोघीच का गं?"

"ड्यूट्या वरून लागतात. शनिवार-रविवार सगळे हजर, शुक्रवारी सुट्ट्या. मी वर लिहिलं, एकदा नाय, कितीदा. बोलले, सगळ्या देशात एकच पद्धत हाय."

"मला सांगायचं की."

तिने कपडा खाली ठेवला. "सांगितलं नाय? शुक्रवारी या बोलले ना मी? तुमी कशे हसलात ते पण ध्यानात हाय माझ्या." मग आवाज खाली आला. "सोमवारी मीटिंग हाय ना वरच्यांची, दुकान ठेवायचं का नाय ते ठरवायला? सहा जण मला विचारतात, ताई, काय होणार. एकाने परवाच गाडी घेतलीय हप्त्यावर. आई बोलते, होडी हाय आपली, परत ये. मी परत जायला शिकले का एवढं? सांगा, काय सांगू त्यांना?"

मी रस्त्यावर येऊन ऋचामॅडमना फोन लावला.

"मॅडम, अहवाल परत घ्या."

"काका, तो क्लायंटकडे गेलाय."

"जेवढे आत आले जवळपास तेवढेच दारातून परत गेले. इथला रविवार शुक्रवारी असतो. आपण चुकीचे दिवस मोजले."

"एका शुक्रवारवर मी काय सांगू त्यांना? आणि 'आमचं चुकलं' म्हणू? पुढचं काम देतील ते आपल्याला?"

"तुमचं चुकलं म्हणू नका. म्हाताऱ्याला ऊन लागलं म्हणा."

त्या म्हणाल्या, "एक आठवडा मागून बघते. पण पुढच्या शुक्रवारी मी स्वतः येणार. आणि काका, गर्दी नसेल ना, तर ऊन तुम्हाला नाही, मला लागेल."

आठवडा मिळाला. पुढच्या शुक्रवारी ऋचामॅडम आल्या, पांढराशुभ्र कुर्ता, हातात स्वतःचं मोजयंत्र. माझ्या आयुष्यात मी गर्दीची एवढी वाट कधी पाहिली नव्हती. दुपार टळली, माणसं यायला लागली, आणि वीज गेली.

शुक्रवारी कारखाने बंद, म्हणून तारांची दुरुस्तीही शुक्रवारीच निघते. हेही मला माहीत होतं. हेही आठवलं नव्हतं. इन्व्हर्टरवर दोन दिवे राहिले. गारवा गेला, यंत्र मुकं झालं. दर्शनाने दारात येऊन सांगितलं, "कॉफी नाय होणार, लाईट येईपर्यंत. गार हाय ते देते."

मला वाटलं, संपलं. कॉफीच्या दुकानात कॉफी नाही आणि आत भट्टी. माणूस थांबेल कशाला?

माणसं थांबली. काही गेली, पण बरीच थांबली. पायऱ्यांवर, दुचाक्यांवर, टपरीच्या सावलीत. मुलगी बघायला आलेली दोन कुटुंबं आतच बसून राहिली, मेनूकार्डांनी वारा घेत. ऋचामॅडमनी एका फोरमनच्या बायकोला विचारलं, "एवढ्या उकाड्यात थांबलात कशा?"

"मग कवा येऊ?" ती म्हणाली. "ह्यांना शुक्रवारच मिळतो. पोरांना कबूल केलंय. आता पुढचा शुक्रवार म्हणजे केवढा लांब."

थोड्या वेळाने बघतो तर मॅडमच्या हातात मोजयंत्र नव्हतं. त्या खुर्च्या उचलून बाहेर सावलीत मांडत होत्या. "मॅडम, मोजणी?" मी विचारलं.

"तुम्ही मोजा हो काका! इथे आजी उभ्या आहेत."

वीज आली तेव्हा आतून बाहेरून एकच गलका झाला. दर्शनाने यंत्राची कळ दाबली आणि ती आणि तिची जोडीदारीण मान वर न करता पेले भरत राहिल्या. परत जाणारे त्या दिवशीही गेले. ते मी एकेक करून मोजले, आणि प्रत्येक टिकला मला आनंद होत होता. गिऱ्हाईक परत गेल्यावर आनंदलेला बाजारातला मी पहिलाच माणूस असेन.

नवा अहवाल मॅडमनी स्वतः लिहिला. त्यात आलेल्यांचा रकाना होता तसाच परत गेलेल्यांचाही होता. 'टेबल अडवून बसणारे' मी खोडून टाकलं. त्यापुढे काय लिहावं सुचेना, तेव्हा 'केकच्या आधीचे' असं लिहिलं. मॅडमनी ते काढून टाकलं. बरोबरच आहे, त्या शिकलेल्या आहेत.

मग वाट बघणं. या धंद्यात माणूस मोजून झाला की विसरतो. कुठलं दुकान पुढे चाललं, कुठलं मिटलं, हे आम्हाला कोणी कळवत नाही. या खेपेला मात्र मी गच्चीत फोन मांडीवर घेऊन बसत होतो. ज्या ज्या गावांत मी शनिवार-रविवार मोजून आलो, त्यांचा सुट्टीचा वार कोणता होता, हे आठवून बघत होतो. बहुतेक गावांचा मला सांगता येत नव्हता.

एका सकाळी फोन वाजला.

"काका, दर्शना बोलते."

"बोल."

"वरून मेल आलाय." ती थांबली. मागे पेल्यांचा खणखणाट चालू होता. "सहा महिने देतो बोलले. मग परत बघणार. आता शुक्रवारी सगळे हजर, सुट्ट्या रविवारी. आणि..."

"आणि काय गं?"

"एक माणूस वाढवा बोलले. आमी सात जण घरी जायचे होते, आता आठवा शोधायचा हाय."

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

"ऐकताय ना? तुमच्या ओळखीत कोण हाय का? पोरगा असू दे, पोरगी असू दे, शिकवायचं माझ्याकडे लागलं. फक्त आधीच सांगून ठेवा, शुक्रवारी स्वतःचं लग्न जमवायला सुट्टी मागायची नाय."